निनावी पत्रातला तिसरा मुद्दा

१

"बाई, खरं सांगा. तुम्हीच सांगतलं नं त्यायले?"

शामला गजभियेनं हे विचारलं तेव्हा रविवारचे सकाळचे आठ वाजले होते. वाचनालय मी नुकतंच झाडून घेतलं होतं आणि आमचे विचारवंत अजून यायचे होते, त्यामुळे खोलीत शांतता होती. तिनं टाचणी लावलेले दोन कागद माझ्या टेबलावर ठेवले आणि उभीच राहिली. बस म्हटलं तरी बसेना.

पहिला कागद म्हणजे सगुणाबाई कन्या शाळेच्या सचिवांची नोटीस. शामला त्या शाळेत दोन वर्षं हंगामी शिक्षिका होती आणि या महिन्यात तिला कायम करायचं ठरलं होतं. आता सचिव लिहीत होते की तिनं 'साधी बाई' या टोपणनावानं एका वाचनालयाच्या वहीत मजकूर लिहून संस्थेची बदनामी केली आहे. उद्याचा सोडून पुढल्या सोमवारी अकरा वाजता तिनं सभेपुढे खुलासा करावा, नाहीतर नोकरी संपली असं समजावं. दुसरा कागद म्हणजे एका निनावी पत्राची नक्कल. त्या पत्रावरूनच ही नोटीस निघाली होती.

"साधी बाई म्हणजे मी, हे दोघींलेच माहीत होतं," शामला म्हणाली. "एक मले, एक तुम्हाले."

तिचा हिशेब चुकीचा नव्हता. बाप मागल्या वर्षी वारलेला, धाकटे दोन भाऊ शिकताहेत, घर हिच्या पगारावर. तिला माझ्यावर रागावण्याचा पुरता हक्क होता.

"मी नाही सांगितलं," मी म्हणाले.

"मग कोणं सांगतलं?"

"सोमवारच्या आत शोधून देते."

बोलून बसले. शोधायचं कसं, याची मला काडीचीही कल्पना नव्हती.

२

ही वही काय प्रकार आहे ते आधी सांगते. १९७४ साली आमच्या सक्करदऱ्याच्या लोकमंच वाचनालयातल्या थोर मंडळींना वाटलं की समाज झोपला आहे आणि त्याला आपणच जागं करायला हवं. समाजाकडे जायचं म्हणजे नागपूरच्या उन्हात जावं लागतं. म्हणून त्यांनी पंख्याखाली एक जाड वही ठेवली आणि तिला 'वादवही' नाव दिलं. राखीव जागा, आंतरजातीय लग्नं, वेगळा विदर्भ, नसबंदी, वाटेल त्या विषयावर टोपणनावानं मत लिहायचं आणि ती चिठ्ठी दाराजवळच्या पत्र्याच्या पेटीत टाकायची. अक्षरावरून कोणी ओळखू नये म्हणून ग्रंथपालानं, म्हणजे मी इंदूबाईनं, ती वहीत उतरवायची. मूळ चिठ्ठी तारेला टोचून कपाटात ठेवायची.

टोपणनाव मिळालं की माणसाला काय जोर चढतो, ते मी पाच वर्षं पाहते आहे. घरी बायकोसमोर 'भाजीत मीठ कमी आहे' म्हणायची ज्यांची छाती नाही, ते वहीत सरकारला दम देतात. आणीबाणी लागली त्या आठवड्यात मात्र हे सगळे सिंह एकाएकी आरोग्याकडे वळले. एकवीस महिने लिंबाचे गुण आणि पहाटे उठण्याचे फायदे यांपलीकडे वहीत काही आलं नाही. आणीबाणी उठली त्याच आठवड्यात प्रत्येकानं आपण कसे झुंजलो ते लिहून काढलं. उतरवलं मीच, सुवाच्य अक्षरात.

मी उतरवते म्हणजे वाचत नाही, असा यांचा समज आहे. पण अक्षर तर राहूच द्या, मला कागदावरूनही माणूस कळतो. काटोलच्या रुपरावांची चिठ्ठी संत्र्याच्या पेटीवर चिकटवायच्या लेबलामागे लिहिलेली असते. पोस्टमास्तर गोपाळरावांची जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर. प्राध्यापक देवरावांची पांढऱ्याशुभ्र फुलस्केपवर, दोन्ही बाजूंना घड्या घालून. फक्त एक जण मला कधी सापडला नाही. तो 'रोखठोक' या नावानं लिहायचा, सुट्या सुट्या छापल्यासारख्या अक्षरांत, वाण्याच्या पुडीसारख्या भुऱ्या कागदावर. आणीबाणी संपल्यावर उगवला आणि तेव्हापासून दर आठवड्याला काहीतरी ओकायचा.

गेल्या महिन्यात याच रोखठोकनं लिहिलं होतं, "जात आता उरली आहे कुठे? असेल तर दाखवा." त्याला शामलानं उत्तर दिलं. ते सबंध उत्तर एवढंच होतं:

"आमच्या शिक्षक-खोलीत बारा कप आहेत. अकरा फळीवर असतात, एक खिडकीत. खिडकीतला कोणाचा, ते मी सांगायला नको. — साधी बाई."

त्या रविवारी वही वाचून कोणी काही बोललं नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा. गोपाळराव चष्मा पुसत बसले. रोखठोकला उत्तर म्हणून देवरावांनीही त्या आठवड्यात अकरा पानं लिहिली होती, ती कोणी उलटूनसुद्धा पाहिली नाहीत.

मी शामलाला बसवलं आणि निनावी पत्र पुन्हा वाचलं. टाइप केलेलं होतं, त्यामुळे अक्षराचा प्रश्न नव्हता. कचेरीबाहेर बसणाऱ्या कोणाही टायपिस्टकडून करून घेता येतं. पत्रात मुद्दे होते, आकडे घालून. एक, अशा लिखाणानं संस्थेची बदनामी होते. दोन, शिक्षिकेनं टोपणनाव घेणं हा भ्याडपणा आहे. तीन, तक्रार होती तर ती आधी संस्थेकडे करायला हवी होती. शेवटी लिहिलं होतं, "खिडकीतला निळ्या काठाचा कप शामला गजभिये हिचा आहे, यावरून 'साधी बाई' कोण ते उघड होते."

"शामला," मी विचारलं, "कप निळ्या काठाचा आहे, हे तू कुठे लिहिलंस?"

"नाही लिहिलं, बाई. पण आहे तो निळ्या काठाचाच."

म्हणजे पत्र लिहिणाऱ्यानं माझ्याकडून काही काढून घेतलं नव्हतं. तो त्या शिक्षक-खोलीत जाऊन बसला होता.

३

शाळेतल्या कोणाला आमच्या वहीचा पत्ता नव्हता, शामलानं तो कोणाला दिला नव्हता. तेव्हा माणूस आमच्यातलाच होता आणि शाळेत जाऊन आलेला होता. नियमित लिहिणारे चारच, त्यातला रोखठोक कोण ते ठाऊक नाही. उरले तीन.

सोमवारी मी संत्रा बाजारात गेले. रुपराव दर सोमवारी काटोलहून पहिल्या बसनं येतात. त्यांचं टोपणनाव 'विदर्भपुत्र', आणि विषय कोणताही असो, त्यांची गाडी वेगळ्या विदर्भावरच थांबते. मी शाळेचं नाव काढताच ते हसले.

"इंदूबाई, तुमच्या पोटातलं समजलं मले. माह्या भाचीचा अर्ज हाय त्या शाळेत. शामलाबाई गेली तं जागा खाली होते. असंच नं?"

"असंच," मी म्हणाले.

"गेलतो मी तिथं, साहा महिने झाले. हेडमास्तरीणबाईच्या हापिसात तासभर बसलो. चहा तं सोडा, पानीबी नाही इचारलं. तुम्हीच सांगा, आपला विदर्भ वेगळा असता तं असं झालं असतं काय?"

मी रुपरावांना तिथल्या तिथे सोडून दिलं. शिक्षक-खोलीत ते गेलेच नव्हते. शिवाय हा माणूस तीन मुद्द्यांचं पत्र लिहील आणि त्यात एकदाही विदर्भ येणार नाही, हे मला कोणी शपथेवर सांगितलं तरी पटलं नसतं.

मंगळवारी गोपाळरावांकडे गेले. पोस्टातून निवृत्त झालेले, सोवळ्याचे, जुन्या चालीचे. वहीत त्यांना टोपणनाव नाही. खाली 'गोपाळराव, निवृत्त पोस्टमास्तर' लिहून घरचा पत्तासुद्धा देतात. बाकीचे त्यांना हसतात. रोखठोकही तेच, अशी वाचनालयात कुजबुज होती.

"त्या पोरीचं लिहिणं मले पटलं नाही," त्यांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं. "घरातलं घरात ठेवावं. पण निनावी पत्र? छत्तीस वर्षं पोस्टात काढली मी. असल्या पत्रानं किती घरं मोडतात ते पाहिलं. लिहिणाऱ्याची मले किळस येते."

"शाळेत कधी गेला होतात?"

"नात शिकते माझी तिथं. रोज फाटकापर्यंत जातो. आत काहून जाऊ?"

"लोक म्हणतात रोखठोक तुम्हीच."

म्हातारा उखडला. "मी? अहो, त्याची मतं माझ्यासारखी दिसतात, पण मुद्दे गाढवाचे असतात! एकही धड उभा राहत नाही. कोणीतरी येऊन पाडावे म्हणूनच मांडल्यासारखे!"

हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. सोडायला नको होतं.

४

प्राध्यापक देवराव म्हणजे 'अग्निबाण'. हे गुपित साऱ्या सक्करदऱ्याला माहीत होतं, कारण ते स्वतःच सांगत. समता या विषयावर ते वर्षाला वीस भाषणं देतात. खादीचा कुर्ता, खांद्याला शबनम पिशवी, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून कुठेतरी लांब पाहायची सवय. लांब बहुधा समाज उभा असावा.

बुधवारी मी गेले तेव्हा ते युनिव्हर्सिटीच्या उत्तरपत्रिका तपासत होते. टेबलावर, खुर्चीवर, पलंगावर गठ्ठेच गठ्ठे.

"अत्यंत निंद्य प्रकार!" सगळं ऐकून ते म्हणाले. "मी यावर लिहिणार आहे. सविस्तर."

"लिहिण्यापेक्षा सोमवारी सभेला याल का? वहीत शाळेचं नाव कुठंच नव्हतं, एवढं सांगायचं."

"व्यक्तिगत प्रकरणात पडणं माझ्या भूमिकेत बसत नाही, इंदूबाई. आपला लढा तत्त्वाचा आहे."

"बरं. त्या शाळेत कधी गेला होतात तुम्ही?"

"सगुणाबाई... नाव ऐकल्यासारखं वाटतं. कुठे आली ही?"

शाळा त्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे. पण इतक्या लांब पाहणाऱ्या माणसाला पायाखालची गल्ली दिसत नसेल, असं मीच मनात म्हटलं.

"संशय कोणाचा घ्यायचा, हे काय सांगायला हवं?" मला दाराशी सोडताना ते म्हणाले. "तो रोखठोक! तीच ती सडकी, सनातनी वृत्ती. नाव घेत नाही, पण पोस्टात होता म्हणे."

घरी चालत येताना मी चिडले होते. तिघांनी तीन तऱ्हांनी हात झटकले, आणि चौथ्याला तर हातच नव्हते. चार दिवस गेले होते. मग तलावाच्या कडेनं येता येता मला या लोकांचा एक गुण आठवला. यांना शिव्या दिल्या तर हे सहन करतात. यांच्या पोरीबाळींनी पळून जाऊन लग्नं केली तरी वर्षभरात पचवतात. पण 'तुमचा मुद्दा कच्चा होता' म्हटलं की यांना अन्न गोड लागत नाही.

मी सरळ वाचनालयात गेले, कुलूप काढलं आणि पाच वर्षांत पहिल्यांदा वादवहीत माझं स्वतःचं काहीतरी लिहिलं. खाली सही केली, 'एक वाचक'.

५

मी लिहिलं ते असं:

"एका शाळेला गेलेले निनावी पत्र माझ्या पाहण्यात आले. लिहिणारा अगदीच कच्चा. दोनच मुद्दे मांडले आहेत आणि तेही एकमेकांना छेद देणारे. युक्तिवाद जमत नसेल तर माणसाने निनावी पत्राच्या फंदात पडू नये."

ते पत्र पाहिलेली माणसं तीनच. सचिव, त्यांनी नक्कल दिली ती शामला, आणि शामलानं दाखवलं ती मी. आमच्या सभासदांपैकी कोणाच्याही डोळ्यांसमोर ते आलं नव्हतं, आणि त्यातले मुद्दे मी तिघांपैकी कोणालाही सांगितले नव्हते. ज्यानं लिहिलं तो सोडून.

गुरुवारी संध्याकाळी सगळ्यांनी वही वाचली. नेहमीप्रमाणे माना हलवल्या आणि आपापल्या घरी गेले. शुक्रवारी सकाळी मी पेटी उघडली. आत एकच चिठ्ठी होती. भुरा कागद, सुटी सुटी छापल्यासारखी अक्षरं.

"'एक वाचक' यांनी लिहिण्यापूर्वी नीट वाचण्याची सवय लावून घ्यावी. त्या पत्रात मुद्दे दोन नव्हते, तीन होते. पहिल्या दोहोंत कोणतीही विसंगती नाही. तिसरा मुद्दा, की तक्रार आधी संस्थेकडे करावयास हवी होती, हा तर निर्णायक आहे व त्यास आजवर कोणीही उत्तर दिलेले नाही. — रोखठोक."

मी खुर्चीत बसले आणि एकटीच हसले. मग हसू विरलं. पत्र रोखठोकनं लिहिलं, हे कळलं. पण रोखठोक कोण? सगळं गाव तर गोपाळरावांकडे बोट दाखवत होतं.

६

मी कपाटातून तार काढली. अडीच वर्षांच्या रोखठोकच्या चिठ्ठ्या एकेक करून टेबलावर पसरल्या. अक्षरानं काही दाद दिली नाही. मग मी त्या उजेडाला धरल्या, आणि प्रत्येक कागदावर दोन उभ्या घड्या दिसल्या. एक डावीकडे, एक उजवीकडे.

शाळा सुटल्यावर शामला आली तेव्हा मी तिची चिठ्ठी तिच्यापुढे ठेवली. "तू डावीकडे घडी घातली आहेस, उजवीकडे नाही. असं का?"

"समासासाठी दुमडतो नं आम्ही, बाई. डावीकडे."

"आणि उजवीकडे कोण दुमडतं?"

"ते युनिव्हर्सिटीचे परीक्षक. उजवीकडे गुण मांडायले जागा लागते. पुढं पुढं सवयच होऊन जाते. माहे कॉलेजातले सर तं घरच्या किराण्याची यादीही तशीच दुमडत."

मी कपाटातून 'अग्निबाणा'ची फुलस्केपं काढून त्या भुऱ्या कागदांशेजारी ठेवली. तीच डावी घडी, तीच उजवी घडी. कागद बदलला, अक्षर बदललं, मतं तर उलटी केली. लिहायला बसताना हात आपोआप जी घडी घालतो, ती बदलायची या विद्वानाच्या डोक्यात आलं नाही. ती आपण घालतो, हेच त्याला माहीत नसणार.

शामलाला कळायला थोडा वेळ लागला. "म्हणजे अग्निबाण अन् रोखठोक एकच? स्वतःच लिहायचं अन् स्वतःच खोडायचं? काहून पण?"

"चल," मी म्हटलं. "आधी ते तुमच्या शाळेत गेले होते का ते पाहू."

शाळेत चहा करणाऱ्या तुळसाबाई शामलाच्याच वस्तीच्या पलीकडे राहतात. आम्ही गेलो तेव्हा चुलीसमोर भाकरी थापत होत्या.

"खादीवाले सायेब? आलते नं, जानेवारीत. समतेवर भाषन होतं त्यायचं. तू नव्हती वं त्या दिवशी, पारशिवनीले लगनाले गेलती."

"त्यांना शिक्षक-खोलीत नेलं होतं का?" मी विचारलं.

"हाव. म्याच चहा देल्ला. त्यायनं खिडकीतला कप पायला अन् इचारलं, हा इथं काहून? म्या म्हनलं, थो शामलाबाईचा. त्यायचा येगळा राह्यते."

"मग काय म्हणाले?"

"काही नाही. हं म्हनले. अजून एक बिस्कीट घेतलं अन् भाषनाले गेले."

शामला तव्याकडे पाहत होती. मी तुळसाबाईंना विचारलं की त्या पाहुण्याचं नाव असलेलं काही आहे का. त्यांनी लोणच्याच्या बरणीवर झाकलेलं एक जाड कार्ड काढून हातात दिलं. तेल लागलेलं होतं, पण छपाई स्वच्छ होती. प्रमुख पाहुणे, प्राध्यापक देवराव. विषय, समता.

७

रविवारी वाचनालय भरलं होतं. मी वही उघडून सगळं क्रमानं सांगितलं. निळा काठ, तीन मुद्दे, दोन घड्या, कार्ड. सांगताना चिठ्ठ्या हातोहात फिरत होत्या आणि जो तो त्या पंख्याच्या वाऱ्यात उजेडाला धरून पाहत होता. शामला दाराशी उभी होती.

देवरावांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, मग पुन्हा नेहमीसारखा.

"रोखठोक हा एक बौद्धिक प्रयोग होता," ते म्हणाले. "विरोधी बाजूच मांडली गेली नाही, तर वाद जिवंत कसा राहील?"

"वाद नाही, तुमची जीत," मी म्हणाले. "स्वतःच कागदी पैलवान उभा करायचा आणि स्वतःच त्याला लोळवून टाळ्या घ्यायच्या. अडीच वर्षं चालला हा खेळ. मग ही पोरगी आली आणि तीन वाक्यांत तुमच्या पैलवानाला लोळवून गेली. तुमची अकरा पानं कोणी वाचली नाहीत. एवढ्यासाठी तुम्ही तिच्या पोटावर पाय दिलात. तो कप तुम्ही डोळ्यांनी पाहिला होता, देवराव! आणि त्या दिवशी भाषण केलंत समतेवर!"

माझा आवाज चढला होता. मला वाटलं, आता तरी कोणी उठून त्यांच्या कुर्त्याला हात घालील.

"माझ्या कृतीबद्दल मतभेद असू शकतात," देवराव म्हणाले, "पण एक मूलभूत प्रश्न उरतोच. ग्रंथपालांना सभासदांच्या चिठ्ठ्या अशा तपासण्याचा अधिकार आहे का?"

खोलीत एकदम जान आली. एक जण म्हणाला, आहे. दुसरा म्हणाला, हा गोपनीयतेचा भंग आहे. तिसऱ्यानं विचारलं, घडी हा मजकुराचा भाग मानायचा की कागदाचा? पाच मिनिटांत दोन तट पडले. कोणीतरी सूचना मांडली की पुढल्या आठवड्याचा विषय हाच ठेवावा, आणि ती एकमतानं मंजूर झाली. देवराव अनुमोदक.

मी वही आपटली. "उद्या अकरा वाजता सभा आहे. शामलाबरोबर कोण येतं?"

एकाला दाढ काढायची होती. एकाचे मेहुणे येणार होते. रुपराव म्हणाले, "सोमवारी बाजार असते नं, बाई." देवराव डोक्यावरून लांब पाहत होते.

मागच्या बाकावरून गोपाळराव काठी टेकत उठले.

"मी येतो. पोरी, तुझं मले अजूनही पटलं नाही, हे सांगून ठेवतो. पण वहीत शाळेचं नाव नव्हतं, हे खरं आहे. खरं सांगायले ते पटावंच लागते असं थोडीच आहे."

८

सभेत सचिव आणि चार सदस्य होते. मी वही पुढे केली. गोपाळरावांनी नाव आणि पत्ता सांगून साक्ष दिली की त्यांनी ही नोंद वाचली तेव्हा ती कोणत्या शाळेची, हे त्यांना कळलं नव्हतं, आणि त्यांची नात याच शाळेत आहे.

"मग शाळेचं नाव पहिल्यांदा लिहिलं कोणी?" मी विचारलं. "या निनावी पत्रात. ते लिहिणारा तुमचाच प्रमुख पाहुणा. बदनामी झाली असेल तर नोटीस त्यांना काढा. आणि नसेल झाली, तर ही बाई इथे का उभी आहे?"

कार्ड आणि चिठ्ठी टेबलावर फिरली. सदस्यांनी माना जवळ घेतल्या. कपाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही, त्यांची काळजी वेगळीच होती. पुढल्या जानेवारीलाही देवरावांनाच बोलावून ठेवलं होतं.

अखेर सचिव खाकरले. "ठीक आहे. कायम करायला हरकत नाही. मात्र शिक्षिकेनं टोपणनावानं लिहिणं शोभत नाही. तेवढी हमी द्या. लिहा, यापुढे मी टोपणनावाने काहीही लिहिणार नाही."

शामलानं पेन घेतलं. "एवढंच लिहू, सर?"

"एवढंच."

तिनं लिहिलं, सही केली. सचिवांनी नेमणुकीच्या हुकुमावर सही करून शिक्का मारला. गोपाळरावांनी तो कागद मागून घेतला, तारीख वाचली, शिक्का डोळ्याजवळ नेऊन पाहिला आणि "बरोबर आहे" म्हणून परत दिला. बाहेर आल्यावर ते नातीची वाट पाहत फाटकाशी थांबले. शामला तासाला गेली.

त्या आठवड्यात वाचनालयात चिठ्ठ्यांच्या गोपनीयतेवर घनघोर चर्चा झाली, पण तोंडी. घडीवरून माणूस ओळखता येतो हे कळल्यापासून कोणी कागदाला हात लावायला तयार नव्हतं. शनिवारी मी पेटी उघडली तेव्हा आत एकच चिठ्ठी होती.

"मी सक्करदऱ्याच्या सगुणाबाई कन्या शाळेत शिकवते. आमच्या शिक्षक-खोलीत शिवाशिव पाळली जाते. ज्यांना वाद घालायचा असेल त्यांनी मधल्या सुट्टीत येऊन आधी पाहून जावं. मी तिथेच असते. — शामला गजभिये, कायम शिक्षिका."

मी ते वहीत उतरवलं, नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात. रविवारी बारा-पंधरा जणांनी ते वाचलं. सोमवारी मधल्या सुट्टीत मी शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. गोपाळराव आधीच आले होते. घंटा होईपर्यंत आम्ही वाट पाहिली. आणखी कोणी आलं नाही, तेव्हा आम्ही दोघंच आत गेलो.